मत्सराचं खेळकर गाणं कसं बांधायचं : पहिल्या ओळीपासून रेकॉर्डिंगपर्यंत

प्रेमात जळणाऱ्या माणसावर गाणं करायचं आणि ऐकणाऱ्याला हसू फुटलं पाहिजे, ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. विरहाचं गाणं संथ चालीवर आणि चार हळव्या शब्दांवर तरून जातं. रागाचं गाणं ठेक्यावर तरतं. मत्सराचं गाणं मात्र जरा तोल गेला की एकतर रडकं होतं, नाहीतर दमदाटीचं. खेळकर मत्सर एका अरुंद वाटेवर चालतो आणि ती वाट गाणं बांधायला बसण्याआधी नीट ओळखून घ्यावी लागते.

माझं मत सरळ आहे. जळणारं माणूस "मी कुठे जळतेय?" असं म्हणत राहतं आणि त्याचं प्रत्येक वाक्य त्यालाच उघडं पाडतं, तेव्हाच हे गाणं जमतं. शब्दांनी लपवायचं आणि चालीनं चुगली करायची. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी, पट्टी निवडण्यापासून शेवटच्या मिक्सपर्यंत, या एका गोष्टीसाठी आहे. उदाहरण म्हणून या लेखासाठीच रचलेलं एक छोटं गाणं सोबत घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

आधी आपल्याकडची शिदोरी पाहून घ्या

मराठी कानाला हा विषय नवा नाही. जागरणात वाघ्या-मुरळी म्हाळसा आणि बाणाईचं भांडण रंगवून गातात. खंडोबा दोघींच्या मध्ये सापडलेला असतो आणि बसलेली मंडळी हसत असतात. सत्यभामेच्या अंगणातला पारिजातक आणि रुक्मिणीच्या दारात पडणारी त्याची फुलं ही कथा तर घराघरांत माहीत आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. मत्सराला धरायला काहीतरी वस्तू असते. पारिजातकाच्या कथेतून फुलं काढून टाका, मागे नुसती चिडलेली राणी उरेल.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्या आहेत. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. खंडिता, म्हणजे प्रियकर दुसरीकडे रमला म्हणून दुखावलेली, आणि कलहांतरिता, म्हणजे भांडून त्याला घालवल्यावर हळहळणारी. तीन मिनिटांच्या गाण्याला एवढा प्रवास पुरतो. पहिला अंतरा खंडितेचा आणि शेवट कलहांतरितेच्या उंबऱ्यावर. मध्ये काय घडतं ते ठरलं की गाण्याची गोष्ट तयार झाली.

आणि बैठकीची लावणी. तिथे गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा बदलते. एकदा रुसवा, एकदा लटका राग, एकदा आर्जव. ओळ तीच राहते, अर्थ सरकत जातो. पॉप गाण्यातल्या मुखड्याला नेमकं हेच करायचं असतं, कारण मुखडा पाच-सहा वेळा येणार हे ठरलेलं आहे. तो दर वेळी तसाच आला तर तिसऱ्या खेपेला ऐकणाऱ्याचा अंगठा पुढच्या गाण्याकडे जातो.

एक वस्तू, एक संशय

कागदावर पहिल्यांदा भावना लिहू नका, वस्तू लिहा. "तू दुसरीकडे पाहतोस" या वाक्यात दिसण्यासारखं काही नाही. आपल्या गाण्यासाठी मी स्कूटरवरचं दुसरं हेल्मेट घेतलं. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात दुचाकीवरची मागची जागा ही नात्याची जाहीर खूण असते आणि ते दुसरं हेल्मेट कोणाचं, हे दोघांनाही न सांगता ठाऊक असतं. आज गाण्यातल्या नायिकेनं ते डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा बसेना. कोणीतरी आवळून लहान केलाय.

संशयासाठी एवढा पुरावा पुष्कळ झाला. लिपस्टिकचा डाग, परका केस, रात्री उशिराचा मेसेज ही सगळी वापरून गुळगुळीत झालेली साधनं आहेत, आणि त्यांत खरी फसवणूक दिसू लागते. खेळकर गाण्यात पुरावा क्षुल्लक हवा. तो जितका क्षुल्लक, तितका त्यावर चढवलेला संशयाचा इमला गमतीचा. वस्तू निवडताना तीन गोष्टी तपासा. ती रोजच्या वापरातली आहे का, तिला हात लावता येतो का, आणि तिच्यात झालेला बदल फक्त प्रेम करणाऱ्या माणसाच्याच लक्षात येईल असा आहे का. तिसरी कसोटी सर्वात मोलाची. आवळलेला पट्टा तिच्याच लक्षात येणार, कारण तो तिच्या हनुवटीच्या मापाचा होता. मत्सरामागचं प्रेम इथे एकही गोड शब्द न वापरता सांगून होतं.

मुखड्याची ओळ

आता असं वाक्य शोधा, जे माणूस नेमकं उलट मनात असताना बोलतो. मराठीत अशा वाक्यांचा तोटा नाही. "तुझं तू बघ", "मला काय त्याचं", "बरं झालं", "मी कशाला बोलू", "चालू दे तुमचं". घरात कोणी "माझं काही म्हणणं नाही" असं म्हणालं की पुढचा अर्धा तास त्याचं म्हणणं ऐकावं लागणार हे सगळ्यांना कळतं. म्हणून मुखडा तोच.

*माझं काही म्हणणं नाही,*
*सोड तिला तू रोज घरी*
*माझं काही म्हणणं नाही,*
*(पण) हेल्मेट माझं ठेव तरी!*

ही ओळ निवडण्यामागे अर्थाइतकंच वजनही आहे. मा-झं-का-ही-म्हण-णं-ना-ही. बोलताना आठही अक्षरं लांब पडतात. केरवा तालाच्या आठ मात्रांवर एकेक अक्षर ठेवलं की ओळ एका आवर्तनात बरोबर बसते, ओढाताण नाही. दुसरी ओळ म्हणून पाहा : सो, ड-ति, ला, तू, रो, ज-घ, री. सात मात्रा भरल्या, आठवी रिकामी राहिली. ही रिकामी मात्रा ठेवणीतली आहे. तिथे श्वास घेता येतो, टाळी येते, किंवा नुसता "हं!" येतो.

तुमची ओळ बसते का हे पाहायला वाद्य लागत नाही. मांडीवर धा गे न ती न क धी न वाजवत ओळ *बोला*, गाऊ नका. बोलताना जे अक्षर जोरानं येतं ते समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, किंवा पाचव्या मात्रेवर पडतंय का ते बघा. "म्हणणं" हा शब्द इथे पाचव्या मात्रेवर येतो आणि साध्या बोलण्यातही आपण त्यावरच जोर देतो. जिथे बोलण्यातला जोर आणि ठेक्यातला जोर भांडतात, तिथे मराठी गाणं परक्या भाषेतून आणल्यासारखं वाटू लागतं. हल्लीच्या पुष्कळ पॉप गाण्यांचं दुखणं हेच आहे. आधी बीट विकत घेतलं जातं आणि मग त्यात शब्द कोंबले जातात. शब्द आधी बोलून पाहा, बीट नंतर घ्या.

अंतरे : तक्रार मी करते, सबबही मीच देते

अंतऱ्यात बहुतेक जण घसरतात, कारण तिथे आरोपांची यादी सुरू होते. यादी ऐकायला कोणालाच आवडत नाही. त्याऐवजी जळणाऱ्या माणसालाच दुसऱ्याची वकिली करायला लावा.

*पट्टा माझा सैल होता,*
*आज कसा रे आखूड झाला?*
*मी कुठे रे काही म्हटलं?*
*पावसानं आटून गेला!*

हेल्मेटचा पट्टा पावसानं आटत नाही. तिलाही ते माहीत आहे. तरी त्याच्या वतीनं ती सबब पुढे करते, आणि सबब जितकी तकलादू तितका तिचा जीव किती टांगणीला लागलाय ते कळतं. दुसऱ्या अंतऱ्यात पुरावा बदला, साचा तोच ठेवा.

*फोनवरती हसू येतं,*
*मी आले की नेट जातं*
*मी कुठे रे काही म्हटलं?*
*चालायचंच, असं होतं!*

तिसरी ओळ दोन्ही अंतऱ्यांत तीच आहे. ऐकणारा दुसऱ्या वेळी तिची वाट पाहतो आणि चौथ्या ओळीत आता कोणती सबब येणार, या उत्सुकतेनं थांबतो. विनोदाला अशी पूर्वतयारी लागते.

यमकाबद्दल थोडं. "झाला–गेला", "जातं–होतं" ही साधी यमकं आहेत आणि इथे ती साधीच हवीत. चमकदार यमक बोलणाऱ्याची हुशारी दाखवतं, आणि हुशार माणूस इतका भाबडा संशय घेईल हे पटत नाही. शब्दांची करामत करायची असेल तर ती दुसऱ्या गाण्यासाठी राखून ठेवा.

"सैल" आणि "आखूड" हे दोन शब्द मात्र चालीत खेळवा. "सैल" गाताना सै लांबवा, थोडी मींड घ्या, सूर ओघळू द्या. "आखूड" तोडून गा, अक्षर संपताच आवाज बंद. मूळ ओळीत "सैल"पाशी अर्ध्या मात्रेची उणीव आहे, ती या लांबवण्यानं आपोआप भरून निघते. पट्टा ऐकू येतो तो असा.

सीमारेषा कुठे आहे

हा मुद्दा मी घाईनं सोडणार नाही. मत्सराची गाणी पाहता पाहता धाकाची गाणी होतात. "तू फक्त माझी", "दुसऱ्याकडे पाहिलंस तर बघ", "तुझा पाठलाग करीन". याला कितीही नाचरा ठेका लावला तरी ऐकणाऱ्या मुलीच्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. खेळकर गाण्याचा नियम असा ठेवा की गाणाऱ्याच्या हातात सत्ता नसावी. ती फोन तपासत नाही, जाब विचारत नाही, जाण्यायेण्यावर बंदी घालत नाही. ती फक्त कुढते, तर्क लढवते आणि हसं करून घेते ते स्वतःचं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला गाण्याच्या शेवटी लहान झाल्यासारखं वाटता कामा नये.

हेच गाणं पुरुषाच्या आवाजात करायचं असेल तर जास्त जपा. "रे"चं "गं" केलं की काम भागलं असं होत नाही. पुरुषी आवाजातला "माझं काही म्हणणं नाही" चटकन धमकीसारखा वाजतो. पट्टी थोडी चढी ठेवा, आवाज हलका ठेवा, आणि अंतऱ्यात त्याची घाबरगुंडी दिसू द्या. आणि ज्या "तिसऱ्या" व्यक्तीवर संशय आहे, तिच्या रूपाची, रंगाची, चारित्र्याची टर उडवू नका. या गाण्यात ती आपल्याला दिसतही नाही, दिसतो फक्त आवळलेला पट्टा.

उलगडा

मधल्या तुकड्यात त्याला बोलू द्या. ठेका अर्धा करा, वाद्यं काढून घ्या आणि अर्धं गात, अर्धं बोलत :

*तिसरीतली भाची माझी,*
*साडेसातला क्लास सुटतो*
*एवढंसं तर डोकं तिचं,*
*पट्टा थोडा ओढून घेतो*

"ती तर बहीण निघाली" हा उलगडा पडद्यावर इतका वापरला गेलाय की नुसता आणून ठेवला तर कोणी हसणार नाही. तो पटतो तो आधी पेरलेल्या खुणेमुळे. पट्टा *आखूड* झाला होता. डोकं लहान आहे हे पहिल्या अंतऱ्यानंच सांगून ठेवलं होतं, आपणच तिकडे लक्ष दिलं नाही. दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, त्यामुळे तिसरीतली मुलगी मामाच्या मागे हेल्मेट घालून बसणार हेही पटण्यासारखं आहे. उलगडा लिहून झाला की मागे जा आणि त्याची खूण पहिल्या अंतऱ्यात आहे का ते पाहा. नसेल तर अंतरा बदला, उलगडा नका बदलू.

आता शेवटचा मुखडा. पहिल्या तीन ओळी अक्षरही न बदलता तशाच :

*माझं काही म्हणणं नाही,*
*सोड तिला तू रोज घरी*
*माझं काही म्हणणं नाही,*
*(पण) तिचं वेगळं घेऊ तरी!*

आता खरोखरच तिचं काही म्हणणं नाही. आणि तरी "पण" आहेच. आठ वर्षांच्या पोरीलाही आपलं हेल्मेट देताना तिचा जीव थोडा अडतोच. इथे तिला पूर्ण शहाणी करू नका, मत्सराचा शेवटचा एक थेंब राहू द्या.

चाल आणि पट्टी

मी खमाजाच्या अंगानं जाईन. कारण नेमकं आहे. खमाजात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही निषाद येतात, शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. एकाच घरात दोन स्वभाव. शृंगाराच्या ठुमरी-दादऱ्यात हा राग इतका रुळलाय तो उगाच नाही. मुखड्याची पहिली ओळ चढती ठेवा : ग ग म म प प ध प. ती ऐकायला निरागस वाटते. दुसरी ओळ कोमल निषादावरून सुरू करून एकेक पायरी खाली आणा : नि, नि-ध, प, म, ग, रे-रे, सा. "सोड" या शब्दावर तो कोमल नी लागला की तोंडाचं "सोड" आणि मनातलं "सोडून बघच" दोन्ही एकदम ऐकू येतात.

शास्त्रीय गाताना बायका बहुधा काळी चार-पाचच्या (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास षड्ज, म्हणजे सा, धरतात. इथे काळी चार चांगली, कारण ही चाल वरच्या सप्तकात जातच नाही. मधल्या धैवत-निषादापर्यंतच फिरते आणि आवाज बोलण्याच्या उंचीवर राहतो. टिपेला जाऊन गायलेला मत्सर आकांत वाटतो. कुजबुजीला जागा हवी असेल तर खाली राहा.

गिटारवाल्यांसाठी : पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जी, सी, एफचे आकार धरा. पहिली ओळ जीवर. दुसरी एफवरून सीकडे आणि शेवटी जीवर. एफमध्ये तो कोमल निषाद आहे. अंतऱ्याच्या शेवटी डी वाजवा, त्यात शुद्ध निषाद आहे आणि तो मुखड्याकडे ढकलत नेतो.

लय मिनिटाला 104 ठोक्यांच्या आसपास. याहून जलद घेतलं तर सबबी ऐकू येत नाहीत, संथ घेतलं तर खरंच दुःख वाटू लागतं. एक बार म्हणजे असे चार ठोके, केरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन. मांडणी साधारण अशी : चार बारांची सुरुवात, आठ बारांचा अंतरा, मुखडा दोनदा, दुसरा अंतरा, मुखडा दोनदा, चार बारांचा संगीताचा तुकडा, आठ बारांचा उलगडा, शेवटचा मुखडा दोनदा आणि चार बारांचं शेपूट. सगळं मिळून अडीच मिनिटं होतात. विनोदी गाण्याला तेवढं पुरे.

"पण"ची जागा

गाण्यातला सर्वात महत्त्वाचा शब्द दोन अक्षरी आहे. तिसऱ्या ओळीनंतर सगळी वाद्यं एक पूर्ण बार थांबवा. 104च्या लयीत ती शांतता सव्वादोन सेकंदांहून थोडी जास्त भरते. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, बाईंचं खरंच काही म्हणणं नाही. आणि त्या बारच्या सातव्या मात्रेवर, हळूच, माइकच्या जवळ येऊन : "पण...". पुढच्या समेवर ठेका कोसळतो आणि हेल्मेटची ओळ येते.

या थांब्यामुळे मुखडा चारऐवजी पाच बारांचा होतो. लूप वापरून संगीत करणाऱ्यांचा हात इथे चार बारांवर जाऊन थांबतो आणि सॉफ्टवेअरमधला ढोलकीचा लूप पुढे सरकून सम चुकते. थांब्यानंतर लूप कापून पुन्हा पहिल्या ठोक्यापासून लावा. शांतता खरी शांतता हवी. रिव्हर्बची (कृत्रिम घुमाऱ्याची) शेपटी, झांजेचा नाद, पियानोचा रेंगाळलेला सूर, सगळं त्या बारच्या आधी कापा. आणि दर वेळी "पण" एकाच जागी आणू नका. दुसऱ्या मुखड्यात थोडा लवकर टपकू द्या, जणू तिला राहवलं नाही. शेवटच्या मुखड्यात तो सातव्या मात्रेवरही येऊ नये, शेवटच्या अर्ध्या मात्रेत कसाबसा यावा.

वाद्यं

कमी घ्या. हलकी ढोलकी, गोलसर सिंथ बास, चुटक्या, आणि एक तुणतुणं. तुणतुण्याची ती एकसुरी टणटण मनात घोळणाऱ्या संशयासारखी मागे चालू राहते. पॉपच्या बासवर ती छान बसते आणि गाणं कुठल्या मातीतलं आहे ते न सांगता कळतं.

एक आवाज मात्र स्वतः रेकॉर्ड करा : हेल्मेटच्या बकलचा "टक्". फोन जवळ धरून घेतला तरी चालेल. टोकाची खरखर कापा, हवा तर किंचित खालच्या सुरात आणा आणि अंतऱ्यात टाळीच्या जागी तो ठेवा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते साधं तालवाद्य वाटेल. "पट्टा" हा शब्द आला की त्याच्या डोक्यात उजेड पडेल.

मैत्रिणींचा कोरसही हवा. ती "म्हणणं नाही" म्हणाली की मागून दोघी-तिघी "नाही?" आणि तिचं ठाम "नाही!". गवळणीत पेंद्या आणि मावशी जसे मध्ये बोलतात, तसा हा कोरस गाण्यात लोकांची बाजू घेतो.

घरी रेकॉर्डिंग

फ्लॅटमध्ये आवाज घ्यायचा असेल तर सर्वात चांगली जागा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर, पाठीमागे दोरीवर गोधडी टाकून. पंखा बंद, फ्रिज लांब, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळून. खोली दणदणीत असेल तर कंडेन्सर माइकपेक्षा साधा डायनॅमिक माइक बरा, तो भिंतींचा आवाज कमी उचलतो. तोंड आणि माइकमध्ये एक वीत अंतर. "पट्टा", "पावसानं", "पण" अशा प-काराच्या शब्दांना पॉप फिल्टर लागणारच. या गाण्यात तर ते पावलोपावली आहेत. फिल्टर नसेल तर माइक तोंडाच्या किंचित बाजूला वळवा.

सॉफ्टवेअर महागडं लागत नाही. बँडलॅब फुकट आहे, अ‍ॅपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड मिळतं, आणि थोडं पुढे जायचं असेल तर रीपर. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर घ्या. पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या, लाल दिवा लागेपर्यंत नेऊ नका. कानाला बंद कपांचे हेडफोन लावा, नाहीतर ट्रॅकचा आवाज माइकमध्ये झिरपेल आणि तो बहुमोल शांततेचा बार खराब होईल.

गाताना सुराइतकंच भावाकडे लक्ष द्या. मुखड्याची ओळ निदान पाच भावांत गाऊन ठेवा : बेफिकीर, टोमणा, खरं दुखावलेली, दात आवळून, आणि शेवटी मोकळं हसत. मग जागेवर जागा ठरवा. पहिल्या मुखड्याला बेफिकीर, दुसऱ्याला दात आवळून, शेवटच्याला हसत. तुकडे जोडून परिपूर्ण टेक बनवण्याचा मोह होतो, पण अंतरा शक्यतो एका दमात घेतलेला ठेवा. श्वास, मध्येच फुटलेलं हसू, ओळीच्या शेवटी सोडलेला सुस्कारा कापू नका. सूर दुरुस्तीचं यंत्र पूर्ण जोरात लावलं तर "सैल"वरची मींड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि सगळी लाडिगोडी जाते. तेवढी अक्षरं त्यातून वगळा.

मिक्स

अंतऱ्यात एकच आवाज, मधोमध, कोरडा. मुखड्यात तोच आवाज आणखी दोनदा गाऊन डावी-उजवीकडे पसरवा. "पण" पुन्हा एकटा, सर्वात जवळचा. आवाजाखालची घुम काढायला 80–100 हर्ट्झच्या खालचं कापा. "सोड", "सैल"मधला स टोचत असेल तर 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (स-काराची धार कमी करणारं साधन) लावा.

मग फोनच्या स्पीकरवर ऐका. बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत. बास गायब झाला असेल तर आवाज वाढवून उपयोग नाही, कारण तो छोटा स्पीकर तेवढं खाली जातच नाही. बासला किंचित सॅच्युरेशन द्या, म्हणजे त्याचे वरचे स्वरांश फोनवर ऐकू येतील. शेवटची पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणि शिखर उणे 1 डेसिबलच्या आत ठेवा. स्पॉटिफाय साधारण याच पातळीला गाणी आणतं, त्यामुळे फाईल ठासून मोठी करण्यात फायदा नाही. उलट शांतता आणि ठेका यांतला फरक चपटा होतो, आणि याच फरकावर गाण्याचा विनोद उभा आहे.

प्रसिद्ध करण्याआधी गोष्ट न सांगता दोन-चार जणांना ऐकवा आणि त्यांच्याकडे पाहत बसा. "पावसानं आटून गेला"ला ओठ हलले पाहिजेत. "पण"ला हसू आलं पाहिजे. उलगड्यानंतर कोणी "अच्छा, म्हणून आखूड!" म्हणालं तर खूण बरोबर पेरली गेली. पहिल्या सबबीला कोणीच हललं नाही तर मिक्समध्ये शब्द दबले आहेत का ते आधी पाहा. बऱ्याचदा दोष लेखनात नसतो, ढोलकी शब्दांवर बसलेली असते.

कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, तरी गाणं बाहेर पडण्याआधीच करा. गीतकार, संगीतकार, गायिका, संगीत संयोजक यांचा वाटा कोणाचा किती, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मित्रांमध्ये तर आधी घ्या. भारतात गीत आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहज लिहून देऊन टाकता येत नाही, कायद्यानं तो राखून ठेवलाय. म्हणून दोघांनीही आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं आणि गाणं तिथे नोंदवावं. इंटरनेटवरून "फुकट" बीट उतरवलं असेल तर त्याची अट वाचा. ते बहुधा कमाई न करण्याच्या अटीवरच फुकट असतं.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारा, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळखीचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक देतो, तो जपून ठेवा. नंतर डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच क्रमांक पुढे न्यायचा असतो, नाहीतर जुनी ऐकणी मागे राहतात. गाण्याचं नाव आणि शब्द देवनागरीत भरा, भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, आणि कोरसमधल्या मैत्रिणींची नावंही श्रेयनामावलीत घाला.